दोन रेघांचा चाकू

पातं मिटलं तेव्हा माझ्या जावेच्या उजव्या हाताची दोन बोटं मध्ये होती.

ती पुड्याची सुतळी सोडत होती. गाठ घट्ट बसली होती, म्हणून तिने समोरच्या तयार मालातला एक चाकू उचलला, उघडला आणि टोक गाठीत खुपसून जोर लावला. चाकू नीट असता तर गाठ सुटली असती. हा मिटला. ती ओरडली नाही. "बाई," एवढंच म्हणाली, मला नेहमी हाक मारते तशी, आणि हात समोर धरून बसली. शिसमाच्या भुशावर रक्त पडत होतं आणि भुसा ते पिऊन टाकत होता.

माझे मालक धारेच्या चाकाजवळ होते. ते दोन ढांगांत आले आणि त्यांनी तिचा हात धरला. खांद्यावरचा दुपट्टा तिच्या बोटांना गुंडाळला आणि वरून आपल्या मुठीत दाबून धरला. तिच्या डोक्यावरचा पदर पडला होता. त्याचं भान तिलाही नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं.

माझे मालक तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या घरात धाकटी सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नसे, त्यांच्या हातून वस्तू घेत नसे, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. अकरा वर्षं एका शेडमध्ये काम करूनही त्या दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. आणि आता तिचा हात त्यांच्या मुठीत होता.

मी हातोडी घेऊन उभी होते. तो चाकू असा का मिटला हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं. पण पहिला विचार मनात तो आला नाही. पहिला विचार असा आला, की उकळत्या तेलाने माझा हात भाजला होता तेव्हा या माणसाने बसल्या जागेवरून "पाण्यात धर" एवढंच म्हटलं होतं.

लाज वाटते, पण तेच मनात आलं होतं, म्हणून तेच आधी लिहिलं.

नंदनवन वस्तीत आमच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे. सासऱ्यांच्या काळापासून त्याला आम्ही कारखाना म्हणतो. कारखाना म्हणावं असं तिथे काही नाही. एक भट्टी, एक धारेचं चाक, काम आवळून धरायला दोन शिकंजे आणि बसायला पोती. सासरे घडीचे चाकू करायचे, खिशात मावतील असे. आमचा माल संत्र्याच्या रोपवाटिकांत जायचा, कलमाचा डोळा भरायला, म्हणजे चांगल्या झाडाची कळी काढून रोपाच्या सालीत बसवायला. पानठेलेवाले सुपारीला, रस्सीला घ्यायचे. लकडगंजातला एक व्यापारी माल उचलायचा आणि पुढे काटोल-वरूडकडे पाठवायचा. सासरे गेल्यावर भट्टी आणि धार माझ्या मालकांकडे आली. पत्रे कापणं, भोकं पाडणं आणि बाहेरची ने-आण दिराकडे. जोडणी बायकांकडे.

घडीचा चाकू दिसायला सोपा. एक पातं, पाठीमागे एक कमान, दोन बाजूंना पितळी पत्रे, वर लाकडाच्या पट्ट्या, आणि सगळ्यांना धरून ठेवणारे तीन खिळे. मी चौथीपर्यंत शिकले. चाकू जोडायला मला त्याच्या दुप्पट वर्षं लागली. कारण खोट कुठूनही शिरते. पातं मिटलं की मधोमध बसत नाही, एका पत्र्याला अंग घासत जातं. कमान आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट राहते आणि उजेडाकडे धरलं की ती फट तुमच्याकडे बघते. मिटल्यावर टोक बाहेर राहतं आणि गिऱ्हाइकाचा खिसा फाडतं. खिळा जास्त ठोकला तर पातं उघडता उघडत नाही, कमी ठोकला तर सैल दातासारखं हलतं. या बहुतेक खोटींनी कोणाचं नुकसान होत नाही. गिऱ्हाईक चिडतं, व्यापारी तोंड वाकडं करतो, संपलं.

एकच खोट वाईट. कमान मऊ पडणं. पातं उघडून सरळ झालं की कमानीने ते धरून ठेवायचं असतं. कमानीत जीव नसला तर पातं उघडं दिसतं, पण धरलेलं नसतं. वरून बघून ते कळत नाही. ते ऐकू येतं. म्हणून सासऱ्यांनी नियम घातला होता, की तयार चाकू आधी कानाशी धरायचा, उघडायचा, मिटायचा, मग ढिगात टाकायचा. चांगला चाकू 'टक्' म्हणतो, उघडताना एकदा आणि मिटताना एकदा. सासऱ्यांनंतर कान माझ्या मालकांचा.

दुसरा नियम रेघेचा. जोडणी झाली की कमानीच्या पाठीवर, शेपटाच्या टोकाला, कानशीने रेघ मारायची. माझी एक रेघ, जावेच्या दोन. चाकू खोटीचा निघाला की तो कोणाच्या हातचा ते रेघ सांगायची, आणि तो त्या हाताकडे परत यायचा.

जाऊ लग्न होऊन आली तेव्हा मला तेरा वर्षं झाली होती त्या पोत्यावर बसून. ती काटोलकडची. तिचा बाप लोकांच्या बागांत कलमं बांधायचा आणि ही लहानपणापासून त्याच्यासोबत चाकू घेऊन फिरलेली. चांगला चाकू हातात कसा बसतो हे तिला आधीच माहीत होतं, फक्त तो करायचा कसा एवढंच शिकायचं होतं. मीच शिकवलं. पहिल्या महिन्यात तिचे चार परत आले. दुसऱ्या महिन्यात एक. त्यानंतर मी वाट बघत बसले, पण तिचा चाकू परत येईना.

माझे यायचे. फार नाही, आठवड्याला एखादा. मालक तो माझ्या पुढ्यात टाकायचे. "हे पाय. फुसका." पुन्हा आपल्या चाकाकडे वळायचे.

जावेशी ते बोलू शकत नव्हते, म्हणून तिला काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. ती माझ्यापासून तीन हातांवर बसलेली असायची, सगळं ऐकत असायची, तरी निरोप माझ्याच तोंडून जायला पाहिजे.

"तिले सांग, ह्या खेपेचा माल लय चांगला आला."

मी तोंड वळवून म्हणायची, "माल ठीक आहे म्हणतात."

"ठीक नाई म्हटलं मी. लय चांगला म्हटलं."

"तिले ऐकू येत नाई का? तीन हातावर तं बसली आहे."

"तू सांग."

मग मी सांगायची. ती मान खाली घालून म्हणायची, "बरं बाई." दीर पत्रा कापता कापता हसायचा. "वयनी म्हंजे आपल्या घरचा टेलिफोन आहे. बिल बी नाई येत आणि लाइन बी नाई कटत. जरासा खरखर करते, एवढंच."

"तुह्या बायकोची तारीफ माह्या तोंडून कराले लागते मले," मी म्हणायची. "खरखर नाई करीन तं काय गाणं म्हणू?"

सगळे हसायचे. मी पण हसायची. लोकांना वाटायचं ही दोघी जावांची गंमत. गंमत नव्हती. तिच्या हातात काय होतं ते मला दिसत होतं आणि मला ते येत नव्हतं. खिळा ठोकताना ती मोजून चार ठोके घालायची आणि थांबायची. मी चार घातले तर सैल व्हायचा, पाच घातले तर घट्ट. एकदा तिने माझ्याकडे बघून हळूच म्हटलं होतं, "बाई, शेवटचा ठोका जरा तिरपा घालत जा." चांगल्या मनाने म्हटलं होतं. मी तिला म्हटलं, "मले शिकवाले तू नाई आली इथे. मी तुले शिकवलं." त्यानंतर तिने कधी काही सुचवलं नाही. तो तिरपा ठोका मी तिच्या नकळत घालून बघितला आणि तो बरोबर होता. म्हणून तो पुन्हा घातला नाही.

बागांत कलमांचे डोळे भरायचे दिवस तोंडावर आले होते. माल मोठा मागितला होता आणि आम्ही सकाळपासून बसत होतो. त्या आठवड्यात माझे दोन परत आले होते. दुसरा टाकताना मालक म्हणाले होते, "हिचं पाहून शिकली असती तं बरं झालं असतं." जाऊ खाली मान घालून खिळे निवडत होती, जसं काही ऐकलंच नाही.

तिसरा चाकू मी स्वतःच्या कानाशी धरला. मधल्या खिळ्याचं भोक माझ्या हातून वाढलं होतं आणि कमान नीट ताणून बसली नव्हती. 'टक्' आलंच नाही. भिजलेल्या काडीसारखा आवाज आला. तो मोडायला पाहिजे होता. खिळे काढायचे, पट्ट्या सोडवायच्या, नवी कमान घालायची. शिसमाची पट्टी एकदा बसवून काढली की बहुतेक वेळा चिरते. माझी एक रेघ आधीच मारून, वरून तेल चोळून झालं होतं.

मी कानस उचलली आणि तिच्या शेजारी दुसरी रेघ मारली. सुईत दोरा ओवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मला काय पाहिजे होतं ते सांगते. कोणाला इजा व्हावी असं डोक्यातसुद्धा नव्हतं. खोटीचा चाकू ढिगात जातच नसे, कानाला लागल्याशिवाय काही पुढे जातच नसे. मला एवढंच पाहिजे होतं, की मालकांनी तो कानाला लावावा, तोंड वाकडं करावं आणि म्हणावं, "तिले दे." तीन हातांचं अंतर मला तो चाकू घेऊन जायचं होतं. अकरा वर्षं तारीफ पोचवली, एक खोट पोचवायची होती. काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. "लहाने, हा परत आला बरं." बस. दुसऱ्या दिवशी तिने तो बघितला असता, माझा नाही म्हणाली असती, भासऱ्यांना सांगता आलं नसतं, आणि मी म्हटलं असतं, जाऊ दे, होतं कोणाच्याही हातून.

मालकांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यांनी चाकू उचलला, दुपट्ट्याच्या टोकाने पुसला, कमानीची पाठ बघितली आणि तयार ढिगात टाकून दिला.

कानाला लावलाच नाही.

खाली मान घालून जोडताना मी कधी त्यांच्याकडे बघत नसे. मला वाटलं, लक्ष नव्हतं. एखाद्या वेळी होतं. मी म्हणू शकले असते, अहो, तो एकदा पाहून घ्या. म्हटलं असतं तर ते विचारतील, तुले काय माहीत? संध्याकाळी शेडमध्ये कोणी नव्हतं तेव्हा मी ढिगाजवळ गेले. दोन रेघांचे पुष्कळ होते. एकेक उघडून, मिटून, कानाशी धरून शोधता आला असता. मी दोन-तीन बघितले. मग कुकरची शिट्टी झाली आणि मी घरात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुडे बांधायला सुरुवात झाली आणि एका गाठीशी ती अडली.

दवाखान्यात दीर घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या कापल्या गेल्या आहेत. शिवल्या आहेत, पण मधलं बोट आता पहिल्यासारखं वाकणार नाही, आणि अंगठ्याशेजारचं वाकलं तरी जोर धरणार नाही. दीर घरी येऊन हे सांगत होता आणि खोटीचा तो चाकू माझ्या मालकांच्या हातात होता. त्यांनी पाठ बघितली.

"दोन रेघा आहेत गा," ते भावाला म्हणाले. "तिच्याच हातचा निघाला."

दीर एवढा बोलका माणूस, पण त्या दिवसापासून पत्र्याच्या कात्रीशिवाय त्याचा आवाज आला नाही. शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "स्वतःचाच चाकू लागला." तेव्हा जाऊ आतल्या खोलीत पडून होती आणि मधला दरवाजा उघडा होता.

पंधरा दिवसांनी ती शेडमध्ये आली. हाताला जाड पट्टी, कोपरापर्यंत. मालक आणि दीर दोघे व्यापाऱ्याकडे गेले होते. ती आपल्या पोत्यावर बसली.

"बाई, तो चाकू मले दाखवा."

"काय करते पाहून? झालं ते झालं."

"दाखवा नं."

तो खिडकीत ठेवलेला होता. पंधरा दिवस मी तिथून जाता-येता बघत होते. काढून टाकता आला असता, भट्टीत घालता आला असता. तसं केलं असतं तर लगेच कळलं असतं, म्हणून ठेवला. मी तो तिच्या डाव्या हातात दिला. तिने डाव्या हाताने तो उजेडाकडे फिरवला, पाठ बघितली, अंगठ्याच्या नखाने रेघांवरून चाचपलं. मग मधल्या खिळ्याकडे बघितलं.

"हा माहा नाई."

"दोन रेघा दिसून नाई राहिल्या का तुले?"

"दिसून राहिल्या. एक रेघ तेल पिऊन काळी झाली आहे. दुसरी कोरी आहे." ती माझ्याकडे बघत नव्हती, चाकूकडेच बघत होती. "आणि मी शेवटचा ठोका तिरपा घालतो, बाई. हा सरळ आहे."

आमच्याकडे बायकाही कधी कधी 'मी घालतो' म्हणतात. त्या दिवशी ते माझ्या कानाला लागलं, कारण ती आता पुन्हा घालणार नव्हती.

मी झाडू उचलला आणि भुसा गोळा करायला लागले.

"काहून केलं?" तिने विचारलं.

"सगळे तुलेच चांगलं म्हणते. म्हणून केलं."

"एवढ्यासाठी?"

"तुले एवढंसं वाटते. अकरा वर्षं मी सांगून राहिली तुले, चांगला आहे, चांगला आहे. तू एक दिवस माह्या जागी बसून पाय."

तिने चाकू मांडीवर ठेवला. मला वाटलं रडेल. तिला रडताना मी कमीच बघितलं आहे.

"यायले सांगितलं तं दोघं भाऊ वेगळे होतीन," ती म्हणाली. 'यायले' म्हणजे तिच्या नवऱ्याला. "आणि भासऱ्यायले मी सांगू शकत नाई. तुमीच सांगा."

"मी?"

"आजपर्यंत माहं सगळं तुमीच सांगितलं नं त्यायले. हे बी सांगा. लोकं म्हणून राहिले का माहा चाकू मलेच लागला. मले हात गेल्याचं आहे ते आहे. पण माहं काम वाईट होतं असं नोको व्हाले." चाकू तिने माझ्या पुढ्यात ठेवला. "हा निरोप कमी करून सांगजा नोको, बाई. ठीक आहे म्हणून नोको सांगजा."

म्हणजे तिने ते सगळं तेव्हाही ऐकलं होतं.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोज वाटायचं आज सांगते, आणि रोज मालकांचं तोंड बघून थांबायची. तिच्या पोत्यावर आता कोणी बसत नव्हतं. जोडणीचं सगळं काम माझ्याकडे आलं. जे मला अकरा वर्षं पाहिजे होतं ते झालं होतं, शेडमध्ये दुसरा हात राहिला नव्हता. व्यापाऱ्याने पहिल्याच खेपेला म्हटलं, "ह्या वेळचा माल जरा बसका वाटतो." दोन रेघांचे नाहीत का, म्हणून त्याने विचारलं. रेघा त्यालाही माहीत होत्या! एवढ्या वर्षांत कोणी मला ते सांगितलं नव्हतं.

ती रोज ताक घेऊन शेडच्या दारापर्यंत यायची, डाव्या हाताने लोटा ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. विचारायची नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते.

आठ-दहा दिवस झाले असतील. मालक माझा एक चाकू कानाला लावून बसले होते. दोनदा उघडला, दोनदा मिटला. मग खाली ठेवला, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"चूक माही आहे."

"कशाची?"

"तिचे चाकू मी कानाले लावतच नव्हतो. पाच वर्षं झाली. दोन रेघा पाहिल्या का टाकला ढिगात. तिच्या चाकूत खोट राहतच नाई, मंग काय ऐकाचं? बुढा असता तं मले जोड्यानं मारलं असतं." त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "पाच वर्षांत एक खराब केला तिनं, आणि तो मी ऐकला नाई. पोरीचा हात गेला माह्यापाई."

मी ते ऐकत होते. माझा प्रत्येक चाकू, चोवीस वर्षं, त्या कानाला लागला होता. सकाळी केलेला, तापात केलेला, कोणाच्या लग्नाला जायची घाई असताना केलेला, एक सुटला नाही. आणि तिचे पाच वर्षांपासून ऐकायचीसुद्धा गरज नव्हती. मला परत आलेल्या चाकूंचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. बरं, तिची खोट म्हणून ते रडत होते तीही तिची नव्हती, माझी होती. माझ्या हातच्या चाकूसाठी ते तिच्या नावाने रडत होते.

चांगुलपणाने बोलले असं कोणी समजू नये. मला राग आला होता म्हणून बोलले.

"तो तिचा नव्हता."

"काय?"

"माहा होता. एक रेघ मी वाढवली."

त्यांना समजायला वेळ लागला. उठले, खिडकीतला चाकू घेतला, पाठ बघितली. मग उघडून कानाशी धरला. मिटला. पुन्हा उघडला. भिजल्या काडीचा तोच आवाज मला बसल्या जागी ऐकू आला.

ते मला मारतील असं वाटलं. मारलं नाही. शिवी दिली नाही. दीर पत्र्याशी बसला होता, त्यानेही ऐकलं होतं. त्याने कात्री खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर त्याने मला पुन्हा वयनी म्हटलं, पण टेलिफोन कधी म्हटलं नाही.

"जाय," मालक म्हणाले. "तिले सांग."

"काय सांगू?"

"कान आजपासून तिचा. हात नसला तरी कान आहे तिले. मी ऐकाले लायक नाई राहिलो. तयार माल तिच्याकडे जाईन, तिनं ऐकल्याशिवाय एक नग बाहेर जाणार नाई. आणि हे बी सांग का तो चाकू तिचा नव्हता, हे मले माहीत झालं."

मी स्वयंपाकघरात गेले. ती डाव्या हाताने कणीक मळायचं शिकत होती. त्यांनी सांगितलं तसं मी सगळं सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. ती म्हणाली, "बरं बाई." आणि थोड्या वेळाने, "भिंतीकडं बसन मी, खिडकीकडं नाई. रस्त्याचा आवाज येते."

हे घडून वीसेक वर्षं झाली. तिला वाटलं होतं तसं भाऊ वेगळे झाले नाहीत. तिचं मधलं बोट सरळच राहिलं. पोळी तोडताना, केस विंचरताना ते बाजूला उभं राहतं.

त्या दिवसापासून माझा प्रत्येक चाकू तिच्या कानाला लागला. मध्ये कोणी नव्हतं. खोट निघाली की ती स्वतः माझ्या पुढ्यात आणून ठेवायची आणि सांगायची, "बाई, मधला सैल आहे," किंवा "पातं डाव्या पत्र्याले लागून राहिलं." फुसका कधी म्हटलं नाही. मी वाट बघत होते, की एक दिवस ती मुद्दाम चांगला चाकू परत करेल. तिच्या जागी मी असते तर केला असता, आणि रोज केला असता. तिने एकही चांगला परत केला नाही, एकही वाईट पुढे जाऊ दिला नाही. परत आलेले मी घरी नेऊन गुपचूप तपासले आहेत. प्रत्येक वेळी ती बरोबर होती. याचा मला आजही राग येतो.

आता मागणी थोडी आहे, पाती आणि पत्रे आम्ही बाहेरून करून आणतो. बाजारात मोठ्या कारखान्यांतले, यंत्रावरचे स्वस्त चाकू मिळतात. आमच्याकडे येतात ते शौकीन लोक, पुण्याचे, बंगळूरचे. मागच्या वर्षी एक जण आला होता, मला म्हणाला, आजी, थोडी फट असली तरी चालते, हाताचं काम आहे हे त्यावरूनच कळतं. मी खोटीच्या डब्यातला एक काढून त्याला देत होते. जावेने तो माझ्या हातातून घेतला, कानाशी धरला आणि डब्यात परत टाकला. "फट चालन तुमाले, कमान नाई चालणार," ती त्याला म्हणाली. त्याने मोबाइलवर तिचे फोटो काढले, कानाशी चाकू धरलेले. माझा एकही काढला नाही. मुलगा प्रताप नगरला राहायला बोलावतो, मी जात नाही. मी गेले तर ते शेड तिचं एकटीचं होईल.

परवा मी तिला विचारलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, "तुले माह्याबद्दल काय वाटते वं?"

ती चाकू ऐकत होती. हाताने थांब म्हणाली. ऐकून झाल्यावर तो ढिगात टाकला आणि म्हणाली, "तुमी आता शेवटचा ठोका तिरपा घालून राहिल्या."

ती पुढचा घेऊन ऐकायला लागली.

तिचा हात गेला त्या दुपारी शेडमध्ये आम्ही चौघं होतो. माझे मालक सात वर्षांपूर्वी गेले. दीर कोरोनात गेला. मी आहे आणि माझी जाऊ आहे.